मानाचा क्रम : राष्ट्रध्वजाच्या सान्निध्यातील प्रदेशनिशाणे

प्रस्तावना

राष्ट्रध्वजाजवळ दुसरे निशाण लावायचे झाल्यास ते कोणत्या बाजूला, किती उंचीवर आणि कोणत्या काठीवर लावावे, हा प्रश्न वरवर पाहता समारंभाची तयारी करणाऱ्यांपुरता वाटतो. परंतु राष्ट्र आणि प्रदेश यांच्या नात्याविषयी लोकांची जी समजूत असते ती याच प्रश्नाच्या उत्तरात उघड होते, आणि म्हणूनच त्याचे महत्त्व दोरी-काठीच्या पलीकडे जाते. ज्याला आपल्या भाषेचा, आपल्या मुलखाचा आणि आपल्या पूर्वजांच्या निशाणाचा अभिमान आहे, त्याने तो अभिमान राष्ट्रध्वजाच्या सान्निध्यात कसा मांडावा, याची रीत सांगणे आणि त्या रीतीमागची कारणे उलगडणे हे प्रस्तुत पुस्तकाचे प्रयोजन आहे.

आरंभीच तीन संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. ‘राष्ट्रध्वज’ म्हणजे संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारलेला, तीन समान आडव्या पट्ट्यांचा आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर चोवीस आऱ्यांचे निळे अशोकचक्र असलेला ध्वज. त्याच्या लांबीचे उंचीशी प्रमाण ३:२ असते आणि ६३०० × ४२०० मिलिमीटरपासून १५० × १०० मिलिमीटरपर्यंत त्याची नऊ प्रमाणित मापे ठरलेली आहेत. ‘राज्यध्वज’ म्हणजे एखाद्या घटक राज्याने कायद्याने किंवा अधिकृत निर्णयाने स्वीकारलेला स्वतःचा ध्वज. ‘प्रदेशनिशाण’ हा शब्द मात्र या पुस्तकापुरता योजलेला आहे. शासनाची मोहोर असो वा नसो, लोकांच्या मनात मुलखाची, भाषेची किंवा इतिहासाची खूण म्हणून जे निशाण रुजलेले आहे, उदाहरणार्थ मराठी माणसाचा भगवा किंवा कन्नड भाषकांचा पिवळा-लाल ध्वज, त्याला येथे प्रदेशनिशाण म्हटले आहे.

या विवेचनाच्या केंद्रस्थानी भोपाळमधील चार इमली ही वसाहत ठेवली आहे, आणि त्यामागे कारण आहे. ‘चार चिंचा’ असा सरळ अर्थ असलेल्या या नावाच्या वसाहतीत मध्य प्रदेशचे काही मंत्री आणि वरिष्ठ सनदी अधिकारी यांचे सरकारी बंगले असून, राज्याचे मंत्रालय असलेले वल्लभ भवन तेथून जवळच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि राजधानीचा मान भोपाळला मिळाला. तेव्हा नागपूरच्या सचिवालयातील दप्तरांबरोबर अनेक मराठी कर्मचारीही या नव्या राजधानीत आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी, १ मे रोजी महाराष्ट्राची आठवण आणि १ नोव्हेंबरला मध्य प्रदेशाचा उत्सव अशी दुहेरी निष्ठा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, अशा कुटुंबांना राष्ट्र आणि प्रदेश यांचा मेळ कसा घालावा हा प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे.

चार इमलीतील रस्त्यावर राष्ट्रध्वज सर्वाधिक वेळा दिसतो तो मंत्र्यांच्या गाडीवर. हा ध्वज २२५ × १५० मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम एक वीत लांब असतो. तो एकटाच लावायचा असेल तर त्याची काठी बॉनेटच्या पुढील भागी मधोमध किंवा गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूस घट्ट बसवावी लागते, आणि परदेशी पाहुणे सरकारी गाडीतून जात असतील तर भारताचा ध्वज उजवीकडे व पाहुण्यांच्या देशाचा ध्वज डावीकडे राहतो. गाडीवर ध्वज लावण्याचा अधिकार राष्ट्रपतींपासून राज्याच्या मंत्र्यांपर्यंत आणि सर्वोच्च व उच्च न्यायालयांच्या न्यायमूर्तींपर्यंत मोजक्या पदांना दिलेला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीवर राष्ट्रध्वज असतो, पण त्यांच्या गाडीवर नसतो. राज्याच्या प्रशासनाचे प्रमुख असलेल्या मुख्य सचिवांच्या गाडीवरही नसतो. एकाच गल्लीत, एकमेकांना लागून असलेल्या दोन फाटकांतून निघणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीवर ध्वज आहे आणि दुसरीवर नाही, हे दृश्य पाहणाऱ्याच्या लक्षात येते की ध्वजाच्या बाबतीत मान हा व्यक्तीच्या मोठेपणावर ठरत नसून नियमाने नेमून दिलेल्या स्थानावर ठरतो, आणि पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

या दृश्यामागे शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो भोपाळच्या आधी राजधानी असलेल्या नागपूरकडे नेतो. मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचा तिरंगा लावण्यावरून सरकारशी संघर्ष झाला आणि त्याचे लोण नागपूरला पोहोचले; तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले असलेल्या सिव्हिल लाइन्स या वस्तीत झेंडा घेऊन जाण्यास मनाई होती. १ मे १९२३ पासून जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली झेंडा सत्याग्रह सुरू झाला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत राहिल्या, त्या मनाईची रेषा ओलांडत राहिल्या आणि तुरुंगात जात राहिल्या. बजाज यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली आणि १८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंड्यासह मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली. अधिकाऱ्यांच्या ज्या वस्तीत झेंड्याला पाऊल ठेवू दिले जात नव्हते, त्या वस्तीची वारसदार आज भोपाळची चार इमली आहे, आणि तेथे तोच झेंडा शासनाचे चिन्ह म्हणून गाडीच्या अग्रभागी असतो. मंत्रालयाचे नाव वल्लभ भवन असणे हा या कथेतला आणखी एक दुवा आहे.

दोन ध्वज एकत्र लावण्याचा प्रश्न आपल्या देशात प्रथम तीव्र झाला तो संस्थानांमध्ये, कारण प्रत्येक संस्थानाला स्वतःचे निशाण होते आणि प्रजेच्या चळवळीला तिरंगा हवा होता. म्हैसूर संस्थानात १९३८ च्या एप्रिल महिन्यात शिवपूर येथे ध्वज सत्याग्रह झाला आणि त्याच महिन्यात विदुराश्वत्थ येथे गोळीबार होऊन माणसे मारली गेली. त्यानंतर वल्लभभाई पटेल आणि संस्थानाचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्यात समझोता होऊन काँग्रेसच्या ध्वजाबरोबर म्हैसूर संस्थानाचाही ध्वज लावण्याची तोड निघाली. एका काठीवरचा हट्ट सोडून दोन काठ्यांचा विचार केल्यास रक्तपात टळू शकतो, हा धडा त्या समझोत्याने दिला. माळव्यातील मराठा संस्थानांची, म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे, इंदूरचे होळकर, धार आणि देवासचे पवार यांची निशाणे अठराव्या शतकापासून या मुलखाने पाहिली होती. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळच्या परिसरात कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये जवळच्याच दुराहा येथे तह झाला, तेव्हा याच भूमीवर मराठी फौजांची निशाणे उभी होती. २८ मे १९४८ रोजी ही संस्थाने मध्य भारत या संघात विलीन झाली आणि त्यांची निशाणे राज्यकारभारातून निघून राजवाड्यांत, देवघरांत आणि संग्रहालयांत स्थिरावली.

भोपाळची कथा मात्र अधिक कठीण आहे. भोपाळ संस्थान भारतात सामील झाले होते, पण भारतात विलीन झाले नव्हते. सामीलनामा आणि विलीनीकरण यांत फरक असा की सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे विषय केंद्राकडे जातात, तर विलीनीकरणाने संस्थानाचे वेगळे अस्तित्वच संपते. या विलीनीकरणासाठी चाललेल्या चळवळीत, १४ जानेवारी १९४९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, नर्मदेच्या काठी बोरास येथे भरलेल्या जत्रेत तिरंगा फडकवण्यात आला आणि संस्थानी पोलिसांनी गोळीबार केला. छोटेलाल, धनसिंह, मंगलसिंह आणि विशालसिंह हे चार तरुण तेथे मारले गेले. एकाच्या हातून निसटणारा झेंडा दुसऱ्याने धरला आणि तो खाली पडू दिला नाही, असे त्या परिसरात आजही सांगितले जाते. देश स्वतंत्र होऊन सतरा महिने उलटले होते, तरीही राष्ट्रध्वज हाती धरणे हे या मुलखात जिवावर बेतणारे होते. १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार केंद्र सरकारकडे आला. ध्वज खाली पडू नये, जमिनीला लागू नये, हा नियम ध्वजसंहितेत आज छापील वाक्याच्या रूपात वाचायला मिळतो. बोरासच्या घाटावर तो नियम कोणी शिकवलेला नव्हता, तरी चौघांनी तो प्राणपणाने पाळला.

स्वातंत्र्यानंतर या भावनेला कायद्याची चौकट मिळाली. १९५० च्या कायद्याने राष्ट्रीय चिन्हे आणि नावे यांचा व्यापारासाठी गैरवापर करण्यास मनाई केली. १९७१ च्या राष्ट्रसन्मान अवमान प्रतिबंधक कायद्याने ध्वजाची विटंबना करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. आणि २६ जानेवारी २००२ पासून ‘भारतीय ध्वजसंहिता’ लागू झाली. संहिता म्हणजे एका विषयावरील नियमांचे सुसंगत संकलन. या संहितेचे तीन भाग आहेत : पहिला ध्वजाच्या वर्णनाचा, दुसरा सामान्य नागरिक, खासगी संस्था आणि शाळा-महाविद्यालये यांच्यासाठी, आणि तिसरा सरकारी यंत्रणेसाठी. त्यापूर्वी सामान्य नागरिकाला राष्ट्रीय सणांचे मोजके दिवस सोडता आपल्या घरावर ध्वज लावण्याची मुभा नव्हती. नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ जानेवारी २००४ रोजी, आदरपूर्वक ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला. पुढे डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टर आणि यंत्रावर तयार केलेल्या ध्वजाला मान्यता मिळाली, आणि जुलै २०२२ च्या दुरुस्तीने नागरिकांना आपल्या घरावर दिवसाप्रमाणे रात्रीही ध्वज ठेवता येऊ लागला. परिणामी पूर्वी सरकारी इमारतींपुरता असलेला ध्वजशिष्टाचार आता घराघरातील गॅलरीचा विषय झाला आहे, आणि नियम ज्यांना ठाऊक असायला हवेत त्यांची संख्या अगणित वाढली आहे. या पुस्तकाची निकड त्यातूनच निर्माण झाली.

राज्यध्वजाबाबत भारताची स्थिती इतर अनेक संघराज्यांहून वेगळी आहे. अमेरिकेतील प्रत्येक घटक राज्याला, तसेच जर्मनीतील प्रत्येक प्रांताला स्वतःचा ध्वज आहे; भारतात मात्र आज एकाही घटक राज्याला केंद्राने मान्य केलेला स्वतंत्र ध्वज नाही. जम्मू-काश्मीरने १९५२ मध्ये लाल पार्श्वभूमीवर नांगर आणि तीन उभे पांढरे पट्टे असलेला ध्वज स्वीकारला होता, त्या राज्याच्या संविधानात त्याची तरतूद होती, आणि श्रीनगरच्या सचिवालयावर दोन्ही ध्वज असत. ऑगस्ट २०१९ मध्ये विशेष दर्जा संपल्यावर तो ध्वज उतरवला गेला. कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने मार्च २०१८ मध्ये पिवळा, पांढरा आणि लाल पट्टा व मध्यभागी गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पौराणिक पक्षी असलेला ‘नाडध्वज’ संमत करून केंद्राकडे पाठवला, पण त्याला मान्यता मिळाली नाही. मध्य प्रदेशाला राज्यचिन्ह आहे, बारशिंगा हा राज्यप्राणी आहे, मध्य प्रदेश गान आहे, पण राज्यध्वज नाही. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे राज्यगीत स्वीकारले, पण राज्यध्वज स्वीकारलेला नाही.

तरीही महाराष्ट्रात दोन ध्वजांचा प्रश्न शासकीय पातळीवर आला, तो शिवराज्याभिषेकाच्या निमित्ताने. ६ जून हा दिवस ‘शिवस्वराज्य दिन’ म्हणून साजरा करण्याचा निर्णय राज्याच्या ग्रामविकास विभागाने २०२१ मध्ये घेतला आणि जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व ग्रामपंचायती यांच्या आवारात जरीची किनार असलेल्या भगव्या ध्वजासह स्वराज्याची गुढी उभारण्यास सांगितले. या निर्णयाची शब्दयोजना लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे : भगव्याला राज्यध्वज म्हटलेले नाही, तर गुढीचे रूप दिले आहे. गुढी ही मराठी घराची हजारदा पाहिलेली खूण. ती उभारायची, पूजायची आणि सूर्यास्ताला उतरवायची, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. राष्ट्रध्वजाच्या स्थानाशी स्पर्धा न करता प्रदेशाच्या इतिहासाला मान देण्याची वाट याच मातीतल्या एका जुन्या रीतीने दाखवली, हे या निर्णयाचे वैशिष्ट्य होय. याच्या उलट उदाहरण बेळगावचे. तेथे महानगरपालिकेच्या इमारतीसमोरील पिवळा-लाल ध्वज आणि त्यापुढे भगव्याचा आग्रह, असा तणाव अनेक वर्षे पाहायला मिळाला आहे. दोन्ही बाजूंचे प्रेम खरे असते, पण निशाण जेव्हा दुसऱ्याला हटवण्यासाठी उभे केले जाते तेव्हा त्याचा मान वाढत नाही आणि शेजाऱ्याचे मनही जिंकले जात नाही.

आता प्रत्यक्ष रीत. ध्वजसंहितेचा नागरिकांसाठीचा मूळ दंडक असा आहे की राष्ट्रध्वज सदैव सन्मानाच्या आणि ठळक जागी असावा, दुसरा कोणताही ध्वज किंवा पताका त्याच्याहून उंच, त्याच्या वर किंवा त्याच्या बरोबरीने नसावी, आणि एकाच काठीवर त्याच्यासह दुसरा ध्वज लावू नये. यातून प्रदेशनिशाणाचे स्थान आपोआप ठरते : त्याला वेगळी काठी हवी, ती राष्ट्रध्वजाच्या काठीहून उघड दिसेल इतकी ठेंगणी हवी, आणि दोन काठ्यांमध्ये पुरेसे अंतर हवे. बाजूचा प्रश्न मात्र अनेकांना गोंधळात टाकतो, कारण ‘उजवी बाजू’ कोणाची, हे स्पष्ट केलेले नसते. ध्वजशास्त्रात उजवी बाजू म्हणजे ध्वजाची स्वतःची उजवी, जणू ध्वज हा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असलेला माणूस आहे. म्हणून मंचावर राष्ट्रध्वज वक्त्याच्या उजव्या हाताला असतो आणि समोर बसलेल्या श्रोत्याला तो डावीकडे दिसतो. भिंतीवर ध्वज उभा टांगल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे यावा, यामागेही हेच तत्त्व आहे. दोन काठ्या एकमेकींना छेद देऊन लावल्यास राष्ट्रध्वज त्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूस असावा आणि त्याची काठी दुसऱ्या काठीच्या पुढे यावी. मिरवणुकीत तो चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला किंवा रांगेच्या मध्यभागी पुढे असावा. ध्वज चपळतेने चढवावा आणि सावकाश, गांभीर्याने उतरवावा, हा नियमही दोन्ही ध्वजांच्या क्रमाशी जोडून घ्यावा : राष्ट्रध्वज आधी चढावा आणि शेवटी उतरावा, ही जगभर मानली जाणारी रीत आहे.

या सर्व नियमांत ‘आधी’, ‘उंच’ आणि ‘उजवीकडे’ असे शब्द पुनःपुन्हा येतात, आणि ते वाचून एखाद्या अभिमानी मनाला आपल्या निशाणाला कमीपणा आल्यासारखे वाटणे शक्य आहे. या शंकेचे उत्तर मराठी परंपरेतच आहे. पंढरीच्या वारीत पालखीच्या रथापुढे आणि रथामागे चालणाऱ्या दिंड्यांना क्रमांक ठरलेले असतात. रथामागील विसाव्या दिंडीतला वारकरी स्वतःला पहिल्या दिंडीतल्या वारकऱ्याहून उणा समजत नाही, कारण त्याचा क्रमांक हाच त्याचा मान असतो आणि तो सोडून पुढे घुसणे हाच अपमान ठरतो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाच्या पाच गणपतींचा क्रम सर्वांनी मान्य केलेला असतो, म्हणूनच ती मिरवणूक उभी राहते. गावच्या जत्रेत काठ्यांना ठरलेला मान असतो. मान म्हणजे नेमून दिलेली जागा, ही समज मराठी समाजाच्या हाडीमांसी रुजलेली आहे, आणि ध्वजशिष्टाचार हा त्याच समजुतीचा राष्ट्रीय विस्तार आहे. जो आपल्या निशाणाला राष्ट्रध्वजानंतरची जागा स्वेच्छेने देतो, तो त्या निशाणाला एका मोठ्या दिंडीत क्रमांक मिळवून देतो.

संहितेतील शोकाचे नियम या मुद्द्याला अधिक खोली देतात. मान्यवर व्यक्तीच्या निधनानंतर राष्ट्रध्वज अर्ध्यावर ठेवला जातो. त्यासाठी तो आधी पूर्ण उंचीपर्यंत नेऊन मग अर्ध्यावर आणावा लागतो आणि सायंकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा शिखरापर्यंत न्यावा लागतो. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान यांच्या निधनानंतर देशभर, राज्यपाल किंवा मुख्यमंत्री यांच्या निधनानंतर त्या राज्यात, आणि राज्याच्या कॅबिनेट मंत्र्याच्या निधनानंतर त्या राज्याच्या राजधानीत ध्वज अर्ध्यावर येतो. अशा वेळी फक्त राष्ट्रध्वज खाली येतो, शेजारचे इतर ध्वज आपापल्या उंचीवर राहतात. एरवी कोणाहूनही खाली न राहणारा ध्वज शोकाच्या दिवशी एकटा खाली येतो. सर्वांत उंच राहण्याचा मान ज्याचा, सर्वांच्या वतीने दुःख वाहण्याचा भारही त्याचाच. त्याच प्रकरणात राज्यांविषयीही एक महत्त्वाची तरतूद आहे : प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती यांच्याप्रमाणेच राज्याच्या स्थापना दिनीही, पार्थिव असलेली इमारत वगळता, ध्वज अर्ध्यावर ठेवला जात नाही. म्हणजे १ मे हा महाराष्ट्राचा आणि १ नोव्हेंबर हा मध्य प्रदेशाचा आनंददिन आहे, हे राष्ट्रध्वजाच्या नियमांनीच मान्य केले आहे. कोल्हापूरच्या पोलीस उद्यानातील ३०३ फूट उंच स्तंभावर राष्ट्रध्वज चढला तो १ मे २०१७ रोजी, महाराष्ट्र दिनी. राज्याच्या सणाला राष्ट्राचा ध्वज उंचावणे ही प्रदेशाभिमानाची अत्यंत प्रौढ अभिव्यक्ती होती.

प्रदेशाचा अभिमान राष्ट्रध्वजाच्या शेजारीच नव्हे, तर त्याच्या धाग्यांतही आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रमाणित खादीचा राष्ट्रध्वज देशात मोजक्याच ठिकाणी तयार होतो : कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरी येथे, महाराष्ट्रात नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत आणि मध्य प्रदेशात ग्वाल्हेरच्या मध्य भारत खादी संघात. सूत, वीण, रंगाचा पक्केपणा, पट्ट्यांची समान रुंदी, चक्राची दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळणी, शिवणीतील टाक्यांची संख्या अशा अनेक कसोट्यांना हे कापड उतरावे लागते, आणि एका जागी चूक आढळली तरी तो ध्वज बाद होतो. ज्या मराठवाड्यात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली निजामी राजवटीविरुद्ध तिरंग्यासाठी लोक तुरुंगात गेले, तेथील हातांनी आज तो ध्वज शिवला जातो. चार इमलीतील मराठी कुटुंबाने आपल्या गॅलरीत ग्वाल्हेरचा किंवा नांदेडचा खादी ध्वज लावला, तर त्या एका ध्वजात राष्ट्र आणि प्रदेश दोन्ही सामावतात, आणि दुसऱ्या काठीची गरजही उरत नाही.

कापडाचा विचार करताना त्याच्या अखेरच्या अवस्थेचाही विचार करावा लागतो. उन्हापावसाने ध्वजाचा केशरी रंग विटतो, मोकळी कड उसवते, धागे लोंबू लागतात. अशा अवस्थेत तो फडकत ठेवणे हा नियमभंग आहे. २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ या मोहिमेत घरोघरी ध्वज लागले, ही आनंदाची गोष्ट घडली; परंतु तो लावण्याइतकेच वेळेवर उतरवणेही निष्ठेचे काम आहे. फाटलेला ध्वज कचऱ्यात टाकू नये किंवा पुसण्यासाठी वापरू नये. संहितेने सांगितल्याप्रमाणे तो अखंड स्थितीत, खासगीत, शक्यतो अग्नीच्या स्वाधीन करून, त्याची प्रतिष्ठा राखून विसर्जित करावा. भगव्यालाही हीच रीत लागू करावी, असे या पुस्तकाचे आग्रहाचे प्रतिपादन आहे. शिवजयंतीला उत्साहाने लावलेली निशाणे आषाढापर्यंत विजेच्या खांबांवर लक्तरे होऊन लोंबत राहिली, तर महाराजांचे नाव घेणाऱ्यांनाच त्याची लाज वाटायला हवी.

पुस्तकाचे पुढील भाग याच क्रमाने मांडले आहेत : आधी ध्वजांचा इतिहास, मग संहितेचा अर्थ, त्यानंतर घर, शाळा, मंडळ आणि कचेरी यांसाठी प्रत्यक्ष मांडणी, आणि अखेरीस परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी स्वतंत्र प्रकरण. परदेशात महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात यजमान देशाचा ध्वज, भारताचा राष्ट्रध्वज आणि भगवा असे तीन ध्वज येतात. दोन देशांचे राष्ट्रध्वज समान आकाराचे आणि समान उंचीवर असावेत, यजमान देशाच्या नियमानुसार त्याच्या ध्वजाला मानाची बाजू द्यावी, आणि भगव्याने त्यांच्या नंतरची जागा घ्यावी, इतके ध्यानात ठेवले तर बहुतेक प्रसंग निभावतात.

वाचकाला एवढीच विनंती आहे की हे नियम पाठ करण्याआधी त्यांच्यामागची माणसे आठवावीत. सिव्हिल लाइन्सच्या सीमेवर अडवलेले स्वयंसेवक, बोरासच्या घाटावरचे चार तरुण, नांदेड-ग्वाल्हेरला टाका मोजून शिवण घालणारे कारागीर, या साऱ्यांनी ध्वजाचा मान आपापल्या परीने राखला. येत्या १ मे किंवा १ नोव्हेंबरला घराच्या गॅलरीत, शाळेच्या पटांगणात किंवा मंडळाच्या मंचावर दोन काठ्या रोवण्याची वेळ येईल, तेव्हा समोर जाऊन एकदा पाहावे : राष्ट्रध्वज आपल्याला डावीकडे दिसतो आहे ना, तो उंच आहे ना, त्याचा केशरी पट्टा वर आहे ना, त्याची कड उसवलेली नाही ना. मग आपले निशाण त्याच्या खालोखाल, निराळ्या काठीवर, तितक्याच स्वच्छ कापडाचे लावावे, आणि दोन्हींसमोर ताठ उभे राहावे.